इंग्रजीतलं क्रियाविशेषण कुठे ठेवायचं?

‘शी सिंग्ज व्हेरी गुड.’ ‘आय लाइक व्हेरी मच क्रिकेट.’ ‘आय नेव्हर डोन्ट टेल लाइज.’ ‘ही केम यस्टरडे ओन्ली.’

दहावीच्या वहीत, नोकरीच्या अर्जात, ऑफिसच्या ईमेलमध्ये अशी वाक्यं सतत भेटतात. लिहिणाऱ्याचा शब्दसंग्रह कमी असतो असं नाही. यातला प्रत्येक शब्द त्याला माहीत असतो, अर्थही माहीत असतो. तरी वाक्य चुकतं, कारण प्रत्येक चुकीमागे मराठीतला एक बरोबर नियम काम करत असतो. मराठीत तो नियम चोख चालतो, इंग्रजीत चालत नाही. हा फरक नीट समजला की क्रियाविशेषणांच्या निम्म्याहून अधिक अडचणी सुटतात. या लेखात आपण तोच फरक एकेक करून पाहणार आहोत.

लेखातली इंग्रजी वाक्यं देवनागरीत दिली आहेत. ती मोठ्याने वाचा आणि वहीत इंग्रजी लिपीत लिहून काढा. हात आणि कान दोन्ही तयार होतील.

आधी मूळ गोष्ट

क्रियाविशेषण क्रियापदाबद्दल जास्तीची माहिती देतं, हे आपण शाळेत शिकतो. ते खरं आहे, पण अपुरं आहे. इंग्रजीतलं क्रियाविशेषण चार ठिकाणी काम करतं. ‘शी वॉक्स स्लोली’ या वाक्यात ‘स्लोली’ क्रियापदाबद्दल सांगतं. ‘द टी इज व्हेरी हॉट’ मध्ये ‘व्हेरी’ हे ‘हॉट’ या विशेषणाबद्दल सांगतं. ‘शी वॉक्स व्हेरी स्लोली’ मध्ये ‘व्हेरी’ दुसऱ्या क्रियाविशेषणाबद्दल सांगतं. आणि ‘अनफॉर्च्युनेटली, द ट्रेन वॉज लेट’ मध्ये पहिला शब्द सबंध वाक्याबद्दल बोलणाऱ्याचं मत सांगतो. कसं, कुठे, कधी, किती वेळा, कितपत, या प्रश्नांची उत्तरं देणारे हे शब्द आहेत.

आता दोन भाषांतला मोठा फरक पाहा. ‘रामाने रावणाला मारलं’ हे वाक्य ‘रावणाला रामाने मारलं’ असं उलटं केलं तरी मारणारा रामच राहतो. ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय शब्दाला घट्ट धरून असतात, त्यामुळे शब्द कुठेही गेला तरी त्याचं नातं सुटत नाही. इंग्रजीत ‘राम किल्ड रावण’ उलटं केलं की मारणारा रावण होतो. म्हणजे मराठीत नातं प्रत्यय सांगतो आणि इंग्रजीत जागा सांगते. हे एक वाक्य मनात पक्कं ठेवा. क्रियाविशेषणांचे पुढचे बहुतेक नियम त्यातूनच निघतात.

चांगला, चांगली, चांगलं आणि ‘वेल’

‘तो चांगला मुलगा आहे’ आणि ‘तो चांगला गातो’. मराठीत दोन्हीकडे शब्द एकच. ‘ती चांगली गाते’ म्हणताना तो स्त्रीलिंगी होतो. ‘आई पोळ्या चांगल्या लाटते’ म्हणताना तो पोळ्यांप्रमाणे बदलतो, पण सांगतो मात्र लाटण्याबद्दल. असे शब्द बदलतात, म्हणून मराठी व्याकरणात त्यांना क्रियाविशेषण म्हणतात, पण अव्यय म्हणत नाहीत.

इंग्रजीत लिंग आणि वचनाची ही कटकट नाही. मुलगा गाऊ दे, मुलगी गाऊ दे, दहा जणी गाऊ देत, शब्द ‘वेल’च राहतो. मात्र तिथे दुसरी शिस्त आहे: नामाबद्दल बोलायचं असेल तर विशेषण, क्रियेबद्दल बोलायचं असेल तर क्रियाविशेषण. ‘शी इज अ गुड सिंगर’, पण ‘शी सिंग्ज वेल’. ‘ही इज अ केअरफुल ड्रायव्हर’, पण ‘ही ड्राइव्ह्ज केअरफुली’. ‘हर हँडरायटिंग इज निट’, पण ‘शी राइट्स निटली’.

मराठीत एकाच शब्दाने दोन्ही कामं भागतात, म्हणून आपण ‘शी सिंग्ज गुड’ म्हणून मोकळे होतो. लिहिताना थांबून एवढंच विचारा: हा शब्द माणसाबद्दल किंवा वस्तूबद्दल सांगतोय, की तिच्या करण्याबद्दल? उत्तर मिळालं की रूप आपोआप ठरतं.

शेवटी ‘एल-वाय’ दिसलं म्हणून

विशेषणाला ‘एल-वाय’ ही दोन अक्षरं जोडली की क्रियाविशेषण होतं, हा नियम बराच उपयोगी आहे. ‘क्विक’चं ‘क्विकली’, ‘हॅपी’चं ‘हॅपिली’, ‘जेंटल’चं ‘जेंटली’. ‘हॅपी’मधला शेवटचा ‘वाय’ जाऊन तिथे ‘आय’ येतो. ‘ट्रू’चं ‘ट्रूली’ करताना ‘ई’ गळतो. ‘बेसिक’सारख्या ‘आय-सी’ने संपणाऱ्या शब्दांना ‘ए-एल-एल-वाय’ लागतं, अपवाद ‘पब्लिक’चा: त्याला नुसतं ‘एल-वाय’ पुरतं.

पण हा नियम दोन्ही बाजूंनी फसवतो. पहिली फसगत अशी की ‘एल-वाय’ने संपणारा प्रत्येक शब्द क्रियाविशेषण नसतो. ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘लोनली’, ‘कॉस्टली’ ही विशेषणं आहेत. ‘ही स्पोक टू मी फ्रेंडली’ हे वाक्य त्यामुळे चुकतं. तिथे ‘ही स्पोक टू मी इन अ फ्रेंडली वे’ असं म्हणावं लागतं. ‘डेली’ आणि ‘वीकली’ मात्र दोन्ही कामं करतात. ‘अ डेली न्यूजपेपर’ही बरोबर आणि ‘द शॉप ओपन्स डेली’ही बरोबर.

दुसरी फसगत जास्त महागात पडते. काही क्रियाविशेषणांना ‘एल-वाय’ लागतच नाही. ‘ही रन्स फास्ट’, ‘शी वर्क्स हार्ड’, ‘दे केम लेट’, ‘द काइट फ्लाइज हाय’. याला इतिहास आहे. जुन्या इंग्रजीत विशेषणाच्या शेवटी एक स्वर जोडून क्रियाविशेषण बनवण्याची रीत होती. पुढे शब्दांच्या शेवटचे असे स्वर झडून गेले आणि विशेषण व क्रियाविशेषण सारखंच दिसू लागलं. ‘फास्ट’ आणि ‘हार्ड’ हे त्या जुन्या रीतीतले शब्द आहेत. ‘फास्टली’ हा शब्द प्रमाण इंग्रजीत चालत नाही.

‘हार्डली’ आणि ‘लेटली’ हे शब्द मात्र आहेत, आणि त्यांचा अर्थ अगदी वेगळा आहे. ‘हार्ड’ म्हणजे कसून, ‘हार्डली’ म्हणजे जेमतेम किंवा नाहीच्या बरोबर. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘नियर’ म्हणजे जवळ, ‘नियरली’ म्हणजे जवळजवळ. ‘हाय’ म्हणजे उंच, ‘हायली’ म्हणजे अत्यंत, जसं ‘हायली एज्युकेटेड’. आता विचार करा. ‘मी मागच्या कंपनीत खूप कष्ट केले’ असं सांगायला कुणी अर्जात ‘आय हार्डली वर्क्ड देअर’ असं लिहिलं, तर वाचणाऱ्याला ‘मी तिथे काम असं केलंच नाही’ असं कळेल. कष्टाचं सांगायला गेलो आणि आळसाची कबुली देऊन बसलो. या चार जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आंबा गोड लागतो

‘कसं?’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे क्रियाविशेषण, ही खूण शाळेत शिकवतात. एका ठिकाणी ती दगा देते. ‘आंबा कसा लागतो?’ ‘गोड लागतो.’ म्हणून ‘द मँगो टेस्ट्स स्वीटली’ म्हणायचं का? नाही. ‘द मँगो टेस्ट्स स्वीट’ हेच बरोबर, कारण गोडी आंब्याची आहे, लागण्याच्या क्रियेची नाही.

‘लुक’, ‘फील’, ‘टेस्ट’, ‘स्मेल’, ‘साउंड’, ‘सीम’, ‘बिकम’ ही क्रियापदं कर्त्याला त्याच्या गुणाशी जोडतात. म्हणून त्यांच्यानंतर विशेषण येतं. ओळखायची युक्ती सोपी आहे. त्या क्रियापदाच्या जागी ‘इज’ किंवा ‘वॉज’ घालून पाहा. ‘द मँगो इज स्वीट’ हे जमतं, म्हणून विशेषण.

यातली काही क्रियापदं दोन्ही अर्थांनी वापरतात. ‘ही लुक्ड अँग्री’ म्हणजे तो रागावलेला दिसला. ‘ही लुक्ड अँग्रिली ॲट द बॉय’ म्हणजे त्याने मुलाकडे रागाने पाहिलं. मराठीत ‘दिसणं’ आणि ‘पाहणं’ अशी दोन क्रियापदं आहेत. इंग्रजीत एकच आहे, आणि पुढचा शब्द विशेषण आहे की क्रियाविशेषण, यावरून अर्थ ठरतो.

क्रियापद आणि कर्म यांच्यामध्ये शिरू नका

मराठीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि क्रियाविशेषण त्याच्या अगदी आधी बसतं. ‘ती इंग्रजी चांगलं बोलते.’ ‘मला क्रिकेट खूप आवडतं.’ क्रियाविशेषण क्रियापदाला चिकटून ठेवायची ही सवय आपण इंग्रजीत नेतो आणि ‘शी स्पीक्स वेल इंग्लिश’, ‘आय लाइक व्हेरी मच क्रिकेट’ अशी वाक्यं तयार होतात.

इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांची जोडी फोडायची नसते. क्रियाविशेषण जोडीच्या आधी येईल किंवा नंतर, मधे येणार नाही. म्हणून ‘शी स्पीक्स इंग्लिश वेल’, ‘आय लाइक क्रिकेट व्हेरी मच’, ‘ही केअरफुली ओपन्ड द बॉक्स’ किंवा ‘ही ओपन्ड द बॉक्स केअरफुली’. हा एक नियम अंगवळणी पडला तरी बोलणं लगेच सुधारल्यासारखं वाटेल, कारण रोजच्या बोलण्यात कर्म असलेली वाक्यं पावलोपावली लागतात.

‘ऑलवेज’, ‘नेव्हर’ आणि मंडळी

किती वेळा, हे सांगणारे शब्द इंग्रजीत वाक्याच्या मध्यभागी बसतात: ‘ऑलवेज’, ‘युज्वली’, ‘ऑफन’, ‘समटाइम्स’, ‘रेअरली’, ‘नेव्हर’. त्यांच्यासाठी तीन सूत्रं पुरेशी आहेत.

एक, साधं मुख्य क्रियापद असेल तर त्याच्या आधी: ‘आय ऑलवेज गेट अप ॲट सिक्स.’

दोन, ‘ॲम, इज, आर, वॉज, वेअर’ हे एकटं क्रियापद असेल तर त्याच्यानंतर: ‘द बस इज ऑलवेज लेट.’

तीन, सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायक क्रियापदानंतर: ‘आय हॅव नेव्हर बीन टू दिल्ली.’

‘युज्वली’ आणि ‘समटाइम्स’ वाक्याच्या सुरुवातीलाही चालतात. आज्ञा देताना ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’ अगदी पुढे येतात: ‘ऑलवेज वेअर अ हेल्मेट.’ ‘बहुतेक’ या अर्थाचा ‘प्रॉबेब्ली’ही मध्यभागीच बसतो: ‘ही विल प्रॉबेब्ली कम.’ मात्र नकार आला की तो नकाराच्या आधी सरकतो: ‘ही प्रॉबेब्ली वोन्ट कम.’

आता नकाराबद्दल. ‘मी कधीच खोटं बोलत नाही.’ मराठीत ‘कधीच’ बरोबर ‘नाही’ लागतं, त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. इंग्रजीत ‘नेव्हर’च्या पोटातच ‘नाही’ आहे. म्हणून ‘आय नेव्हर टेल लाइज’ एवढंच म्हणायचं. ‘डोन्ट’ घातलं तर प्रमाण इंग्रजीत दुहेरी नकार होतो. ‘हार्डली’, ‘रेअरली’, ‘सेल्डम’ हेही नकाराकडे झुकणारे शब्द आहेत. ‘आय हार्डली नो हिम’ म्हणजे मी त्याला फारसा ओळखत नाही. तिथेही वेगळं ‘नॉट’ लागत नाही.

मराठीतला ‘अजून’ हा शब्दही विद्यार्थ्यांना अडवतो. ‘तो अजून झोपला आहे’ आणि ‘तो अजून आला नाही’, दोन्हीकडे शब्द एकच. इंग्रजीत चालू असलेल्या गोष्टीसाठी ‘स्टिल’ घ्यायचं आणि न घडलेल्या गोष्टीसाठी ‘येट’. ‘ही इज स्टिल स्लीपिंग’, पण ‘ही हॅज नॉट कम येट’. ‘स्टिल’ मध्यभागी, ‘येट’ बहुधा शेवटी. अपेक्षेआधी घडलेल्या गोष्टीसाठी ‘ऑलरेडी’: ‘ही हॅज ऑलरेडी लेफ्ट’, तो आधीच निघाला.

कधी-कुठे-कसं की कसं-कुठे-कधी?

‘काल तो वर्गात शांतपणे बसला होता.’ मराठीत सहज येणारा क्रम पाहा: आधी काळ, मग ठिकाण, मग रीत. इंग्रजीत तो बरोबर उलटा होतो: आधी रीत, मग ठिकाण, मग काळ. ‘ही सॅट क्वायटली इन द क्लासरूम यस्टरडे.’ काळावर जोर द्यायचा असेल तर ‘यस्टरडे’ सुरुवातीला आणता येतं. मधे मात्र ते कुठेही कोंबता येत नाही.

जाण्यायेण्याची क्रियापदं असतील तर ठिकाण क्रियापदाला चिकटतं: ‘शी वेन्ट टू नाशिक बाय बस यस्टरडे.’

वेळ सांगतानाही दोन भाषा एकमेकींच्या उलट चालतात. आपण मोठ्याकडून लहानाकडे येतो: ‘सोमवारी सकाळी दहा वाजता’. इंग्रजी लहानाकडून मोठ्याकडे जातं: ‘ॲट टेन ओक्लॉक ऑन मंडे मॉर्निंग’. बैठकीची सूचना लिहिताना हा क्रम लक्षात ठेवा.

‘फार’ आणि ‘खूप’ यांची वाटणी

मराठीतले ‘फार’ आणि ‘खूप’ कुठेही बसतात: ‘खूप मोठं’, ‘खूप आवडतं’, ‘खूपच चांगलं’. इंग्रजीत ही कामं वाटून दिलेली आहेत.

साध्या विशेषणासाठी ‘व्हेरी’: ‘व्हेरी गुड’. तुलना असेल तर ‘मच’: ‘मच बेटर’. ‘व्हेरी बेटर’ चालत नाही. क्रियापदासाठी शेवटी ‘व्हेरी मच’ किंवा ‘अ लॉट’: ‘शी हेल्प्ड मी अ लॉट’.

‘टू’ मात्र वेगळ्या जातीचा शब्द आहे. तो नुसतं ‘खूप’ सांगत नाही, ‘नको इतकं’ सांगतो. ‘द टी इज टू हॉट’ म्हणजे चहा इतका गरम की पिता येत नाही. कौतुक करताना ‘युअर सन इज टू इंटेलिजंट’ असं औपचारिक इंग्रजीत लिहिलं तर मुलाच्या हुशारीचा त्रास होतो आहे असा अर्थ निघू शकतो. तिथे ‘व्हेरी’ वापरा. परीक्षेत ‘टू’ काढून वाक्य पुन्हा लिहायला सांगतात, तेव्हा हाच लपलेला नकार बाहेर काढायचा असतो. ‘द बॉक्स इज टू हेवी टू लिफ्ट’ याचं ‘द बॉक्स इज सो हेवी दॅट नोबडी कॅन लिफ्ट इट’ होतं. नकार कुठून आला, असा प्रश्न मुलांना पडतो. तो ‘टू’च्या अर्थातच होता.

‘इनफ’ची जागाही पाठ करण्यापेक्षा समजून घ्या. नाम असेल तर ‘इनफ’ त्याच्या आधी येतं: ‘इनफ वॉटर’. विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर नंतर: ‘बिग इनफ’, ‘फास्ट इनफ’. मराठीत ‘पुरेसं पाणी’ आणि ‘पुरेसं मोठं’ दोन्हीकडे शब्द आधीच येतो, म्हणून आपल्याकडून ‘इनफ बिग’ निघतं.

मराठीचा ‘च’ आणि इंग्रजीचं ‘ओन्ली’

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, कारण इथे चूक झाली तर अर्थच बदलतो. मराठीत ज्या शब्दावर भर द्यायचा त्याला ‘च’ जोडतो: ‘मीच सांगितलं’, ‘कालच सांगितलं’, ‘तुलाच सांगितलं’. शब्द कुठेही असो, ‘च’ त्याच्यासोबत जातो. इंग्रजीत असा चिकटणारा ‘च’ नाही. तिथे ‘ओन्ली’ कोणत्या शब्दाशेजारी उभं आहे, यावर सगळं ठरतं.

गृहनिर्माण संस्थेच्या फलकावर ‘ओन्ली मेंबर्स कॅन पार्क हिअर’ असं लिहिलं तर अर्थ होतो: इथे फक्त सभासदांनीच गाडी लावावी, बाहेरच्यांनी नाही. ‘मेंबर्स कॅन पार्क ओन्ली हिअर’ असं लिहिलं तर अर्थ होतो: सभासदांनी इथेच गाडी लावावी, आवारात दुसरीकडे नाही. पहिल्या फलकाने पाहुण्यांना अडवलं, दुसऱ्याने सभासदांनाच. शब्द तेच, फक्त ‘ओन्ली’ हललं. बोलताना आवाजाच्या चढउताराने अर्थ कळून जातो, म्हणून बोलण्यात ‘आय ओन्ली वॉन्ट अ ग्लास ऑफ वॉटर’ सहज चालतं. सूचना, करार, अर्ज लिहिताना मात्र ‘ओन्ली’ ज्या शब्दाबद्दल आहे त्याच्या लगेच आधी ठेवा.

‘च’ची दोन कामं आहेत, हेही ओळखा. एक काम ‘फक्त’ सांगण्याचं. तिथे ‘ओन्ली’ शोभतं. दुसरं काम नुसता जोर देण्याचं. तिथे ‘ओन्ली’ घातलं की भारतीय कानाला कळतं, बाहेरच्याला कळत नाही. ‘मी पुण्यातच राहतो’ यासाठी ‘आय लिव्ह इन पुणे ओन्ली’ म्हणण्याऐवजी ‘आय लिव्ह राइट हिअर इन पुणे’ म्हणता येतं. ‘तूच मला सांगितलंस’ यासाठी ‘इट वॉज यू हू टोल्ड मी’. ‘त्याच दिवशी’ यासाठी ‘द व्हेरी सेम डे’. ‘तो कालच आला’ यासाठी ‘ही केम ओन्ली यस्टरडे’. इथे ‘ओन्ली’ पुढे आलं, मागे नाही.

जागेने अर्थ बदलण्याचं आणखी एक उदाहरण ध्यानात ठेवण्यासारखं आहे. ‘आय डोन्ट रिअली लाइक इट’ म्हणजे मला ते फारसं आवडत नाही. ‘आय रिअली डोन्ट लाइक इट’ म्हणजे मला ते मुळीच आवडत नाही. पाहुण्यांकडे जेवताना कोणतं वाक्य बोलायचं, याचा विचार करावा लागेल. तसंच, ‘ही डिड नॉट डाय हॅपिली’ म्हणजे तो सुखाने मेला नाही. ‘हॅपिली, ही डिड नॉट डाय’ म्हणजे सुदैवाने तो वाचला. सुरुवातीला येऊन स्वल्पविरामाने वेगळं झालेलं क्रियाविशेषण सगळ्या वाक्याबद्दल बोलतं. तो स्वल्पविराम विसरू नका.

पटपट, घटाघटा, ढसाढसा

मराठीचं मोठं धन म्हणजे तिची नादमय क्रियाविशेषणं. पाऊस रिमझिम पडतो, माणूस ढसाढसा रडतो, मूल खदाखदा हसतं. इंग्रजीत यांच्यासाठी एकेक क्रियाविशेषण शोधत बसू नका. तिथे हा अर्थ बहुतेक वेळा क्रियापदातच भरलेला असतो. ढसाढसा रडणं म्हणजे ‘सॉब’. घटाघटा पिणं म्हणजे ‘गल्प’. टक लावून पाहणं म्हणजे ‘स्टेअर’. हळू आवाजात बोलणं म्हणजे ‘व्हिस्पर’. चवड्यांवर, दबक्या पावलांनी चालणं म्हणजे ‘टिपटो’. पाऊस रिमझिम पडणं म्हणजे ‘ड्रिझल’.

‘हळूहळू’चं ‘स्लोली स्लोली’ करण्याचा मोह होतो. वेग कमी असेल तर एकदाच ‘स्लोली’ म्हणा, बदल क्रमाक्रमाने होत असेल तर ‘ग्रॅज्युअली’, थोडंथोडं करून असेल तर ‘लिटल बाय लिटल’. निबंध लिहिताना ‘व्हेरी’ आणि ‘एल-वाय’वाल्या शब्दांची रांग लावण्याऐवजी एक नेमकं क्रियापद शोधलं तर वाक्य आटोपशीर होतं. तुमच्या वाचनातून अशी क्रियापदं टिपत राहा.

परीक्षेतलं ‘नो सूनर’

बोर्डाच्या परीक्षेत ‘ॲज सून ॲज’चं ‘नो सूनर’ करायला सांगतात आणि मुलं ते सूत्र घोकतात. त्यामागचं कारण कळलं तर घोकावं लागणार नाही. नकारार्थी क्रियाविशेषण वाक्याच्या सुरुवातीला आणलं की सहायक क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं, प्रश्नात मारतं तसंच. ‘आय हॅव नेव्हर सीन सच अ क्राउड’ याचं ‘नेव्हर हॅव आय सीन सच अ क्राउड’ होतं.

‘ॲज सून ॲज द बेल रँग, द चिल्ड्रन रॅन आउट’ हे वाक्य घ्या. ‘नो सूनर’ पुढे आलं, म्हणून ‘डिड’ कर्त्याच्या पुढे आलं. ‘डिड’ने भूतकाळ उचलला, म्हणून ‘रँग’चं मूळ रूप ‘रिंग’ झालं. ‘सूनर’ हा तुलनेचा शब्द, म्हणून पुढे ‘दॅन’. वाक्य तयार: ‘नो सूनर डिड द बेल रिंग दॅन द चिल्ड्रन रॅन आउट.’ ‘हार्डली’ किंवा ‘स्केअर्सली’ने सुरुवात केली तर तुलना नाही, म्हणून ‘दॅन’ऐवजी ‘व्हेन’, आणि आधी ‘हॅड’: ‘हार्डली हॅड द बेल रंग व्हेन द चिल्ड्रन रॅन आउट.’

सराव कसा करावा

सगळे नियम एकदम हाती घेऊ नका. पहिल्या आठवड्यात फक्त ‘ऑलवेज’ आणि ‘नेव्हर’च्या कुटुंबाची तीन सूत्रं धरा. स्वतःच्या दिनक्रमावर रोज पाच वाक्यं लिहा. पुढच्या आठवड्यात क्रियापद आणि कर्म यांची जोडी न फोडण्याचा सराव करा. मग ‘हार्ड’ आणि ‘हार्डली’सारख्या जोड्या घ्या. ‘ओन्ली’चा भाग त्यानंतर.

इंग्रजी वर्तमानपत्रातला एक परिच्छेद घ्या आणि त्यातल्या प्रत्येक क्रियाविशेषणाखाली रेघ मारा. प्रत्येकाला दोन प्रश्न विचारा: हे कोणत्या शब्दाबद्दल सांगतं? आणि ते याच जागी का आहे? मग ते उचलून दुसरीकडे ठेवून पाहा. अर्थ बदलतो का, वाक्य मोडतं का, हे कानाने ओळखा.

शब्दकोश पाहताना नुसता अर्थ वाचून पान बंद करू नका. शब्दापुढे विशेषण लिहिलं आहे की क्रियाविशेषण, हे पाहा, आणि दिलेलं उदाहरणवाक्य संपूर्ण उतरवून घ्या. सुटा शब्द लक्षात राहतो, पण त्याची जागा लक्षात राहत नाही. वाक्य लक्षात राहिलं की जागाही राहते.

पालक आणि शिक्षकांना एक विनंती. मूल ‘शी सिंग्ज गुड’ म्हणालं तर नुसती लाल रेघ मारून पुढे जाऊ नका. मराठीत आपण काय म्हणतो, आणि इंग्रजीत ते का बदलतं, हे शेजारीशेजारी मांडून दाखवा. मराठीचं व्याकरण पक्कं असलेल्या मुलाला इंग्रजीचं व्याकरण समजावणं सोपं जातं, कारण त्याला तुलना करायला हातात काहीतरी असतं. मराठी माध्यमातून शिकणं ही अडचण मानू नका, मराठीचा आधार घ्या. आज एकच काम करा: तुम्ही स्वतः लिहिलेलं इंग्रजीतलं शेवटचं पत्र किंवा ईमेल काढा, त्यातली क्रियाविशेषणं शोधा आणि प्रत्येक शब्द आपल्या जागी आहे का, हे तपासा.